विश्लेषण : तारकर्लीची बुडी ते आंग्रिया बँकेचा प्रवाह... ‘ड्रिफ्ट डायव्हिंग’ महाराष्ट्रात इतके अवघड का?

दिवाळीची सुट्टी लागली, की यवतमाळ, पुसद, वणीहून कोकणाकडे गाड्या निघतात. सिंधुदुर्ग किल्ला, मालवणी जेवण आणि गेल्या काही वर्षांत त्यात हमखास भर पडलेली तारकर्लीची ‘स्कूबा’, असा बेत असतो. मोबाइलवरच्या चित्रफितींत मात्र वेगळेच काही दिसते. मालदीव किंवा मेक्सिकोच्या समुद्रात रंगीत प्रवाळांवरून, जवळजवळ हातपाय न हलवता, घारीसारखे तरंगत जाणारे डायव्हर. या प्रकाराला ‘ड्रिफ्ट डायव्हिंग’ म्हणतात. त्याला साजेशी प्रवाळभित्ती महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरही आहे, पण ती खोल समुद्रात. सामान्य पर्यटक तिथवर पोहोचलेला नाही आणि त्याने घाईने पोहोचू नये, यालाही कारणे आहेत.

ड्रिफ्ट डायव्हिंग म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या बुडीत बोट नांगर टाकून किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला बांधून एका जागी उभी असते. डायव्हर दोराच्या आधाराने खाली उतरतो, आसपास फेरी मारतो आणि त्याच दोराकडे परत येतो. ड्रिफ्ट डायव्हिंगमध्ये बोट नांगर टाकतच नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला ती डायव्हरना पाण्यात सोडते. ते लगेच खाली जातात आणि प्रवाह नेईल तसे प्रवाळांवरून वाहत राहतात. बोट पाण्यावरून त्यांच्या मागोमाग चालते आणि बुडी जिथे संपेल तिथून त्यांना उचलते. निघण्याची जागा वेगळी, बाहेर येण्याची वेगळी.

पैनगंगेच्या किंवा वर्धेच्या काठावर वाढलेल्यांना यातले तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पाणी चढलेल्या नदीत समोरच्या झाडाकडे नाकासमोर पोहत जाणारा मध्येच दमतो. जाणता पोहणारा धारेला अंग देतो, तिरका जातो आणि बऱ्याच खाली काठाला लागतो. समुद्रात तत्त्व हेच. फक्त नदीला दोन काठ असतात, खुल्या समुद्राला एकही नसतो. धारेला अंग दिलेला माणूस शेवटी कुठे लागणार, हे तिथे केवळ बोटीवर अवलंबून असते.

प्रवाहाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. जमिनीवर ही रमतगमत चालण्याची गती झाली. पाण्यात मात्र पायात फिन घातलेल्या तंदुरुस्त डायव्हरलाही एवढ्या प्रवाहाविरुद्ध फार वेळ टिकता येत नाही. उलट याच प्रवाहासोबत तो ४० मिनिटे वाहिला, तर फारसे श्रम न करता सव्वा किलोमीटर प्रवाळ पाहून होतो. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाजवळ, मालदीवच्या बेटांमधल्या खाड्यांत, इंडोनेशियाच्या कोमोडोत आणि पलाऊत जगभरचे डायव्हर जातात ते यासाठी.

वाहत जाणे म्हणजे स्वतःला सोडून देणे असा समज होतो, तो चुकीचा आहे. दिशा प्रवाहाच्या हाती असली, तरी खोली डायव्हरनेच राखायची असते. अंगावरच्या जॅकेटमधली हवा आणि स्वतःचा श्वास यांच्या जोरावर तो ना वर ना खाली असा स्थिर राहतो. तळालगत घर्षणामुळे प्रवाह मंद असतो, मोठ्या खडकाच्या आडोशाला तर जवळपास थांबतो. अनुभवी डायव्हर हे आडोसे हेरत जातात. नवख्याच्या हातून नेमके उलटे घडते. वेग वाढला की तो घाबरून हाताला येईल ते धरतो, आणि हाताला येते ते प्रवाळ.

प्रवाहाशी झुंजले तर काय होते?

याचे उत्तर सिलिंडरच्या हिशेबात आहे. स्कूबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये साधारण २२०० लिटर हवा दाबून भरलेली असते. पाण्याखाली दर १० मीटरला हवेचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे २० मीटरवर तो जमिनीच्या तिप्पट होतो आणि प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट लागते. निवांत वाहणारा माणूस जमिनीवरच्या हिशेबाने मिनिटाला २० लिटर घेत असेल, तर तिथे ६० लिटर खर्च होतात. सिलिंडरमधली पाव हवा राखीव ठेवायची असते. ती वगळली, तर हाती उरतात सुमारे २७ मिनिटे. तोच माणूस प्रवाहाविरुद्ध पाय मारू लागला आणि धाप लागून त्याचा श्वास अडीच पट झाला, तर २७ मिनिटांची ११ मिनिटे होतात. शिवाय दमल्याने शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोके जड होते, भीती वाढते आणि श्वास आणखी जलद होतो. पाण्याखालच्या कित्येक अपघातांची सुरुवात उपकरण बिघडण्याने होत नाही, ती या धापेने होते.

म्हणून ड्रिफ्ट डायव्हिंगचा पहिला नियम हा, की प्रवाहाविरुद्ध जायचे नाही. गटातला एक जण मागे राहिला, तर बाकीच्यांनी त्याच्याकडे पोहत जायचे नसते. आडोसा धरून थांबायचे आणि तो प्रवाहासोबत आपल्यापर्यंत येईल अशी वाट पाहायची. तो आलाच नाही, तर ठरलेल्या मिनिटांनंतर सर्वांनी सावकाश वर जायचे.

प्रवाहाचे प्रवाळांशी नाते काय?

प्रवाळ हा प्राणी आहे, पण तो जागचा हलत नाही. अन्न त्याच्यापर्यंत चालत यावे लागते आणि ते काम प्रवाह करतो. सूक्ष्म प्लवक आणि प्राणवायू तो आणतो, गाळ आणि टाकाऊ पदार्थ वाहून नेतो. प्रवाळाच्या शरीरात राहणारी एकपेशीय शैवाले सूर्यप्रकाशावर त्याचे बहुतांश अन्न तयार करतात, त्यामुळे पाणी नितळ असणेही त्याला गरजेचे असते. नितळ आणि वाहते पाणी जिथे एकत्र येते, तिथे भित्ती भरगच्च, मासे विपुल आणि त्यांच्या मागावर मोठे मासेही. डायव्हरना प्रवाहाची ओढ वाटते ती याचमुळे.

पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून अंशभर जरी अधिक तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ या शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. हेच प्रवाळांचे विरंजन. जगभरच्या प्रवाळांवर ओढवलेली विरंजनाची चौथी जागतिक लाट सुरू असल्याचे अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी लक्षद्वीपमधील प्रवाळांनाही मोठा फटका बसला. वाहत्या पाण्यातील प्रवाळ उष्णतेचा हा मारा काहीसा अधिक सोसतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे प्रवाहातल्या भित्ती हे उद्याचे बियाणे ठरू शकते. बियाणाच्या कोठारात गर्दी किती होऊ द्यायची, हा प्रश्न त्यातूनच येतो.

मग तारकर्ली-मालवणात मिळते ते काय?

ती ओळखीची बुडी आहे. मालवणच्या आसपास उथळ पाण्यात पर्यटकाला पाठीवर सिलिंडर देऊन खाली नेले जाते, प्रशिक्षक त्याला धरून ठेवतो, खडकांभोवतीचे मासे दाखवतो, चित्रफीत काढतो आणि काही मिनिटांत वर आणतो. यासाठी पोहता येण्याचीही अट अनेकदा नसते. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण पद्धतींत अशा ओळखीच्या बुडीला १२ मीटरची कमाल मर्यादा असते. त्यात गैर काही नाही. प्रथमच समुद्र पाहणाऱ्याच्या आयुष्यातली ती पंधरा मिनिटे अविस्मरणीय असतात आणि त्या जोरावर किनाऱ्यावरील अनेक मच्छीमार कुटुंबांतल्या तरुणांना रोजगार मिळाला आहे. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. रीतसर प्रमाणपत्र तिथे घेता येते. पण बहुतेक पर्यटक प्रमाणपत्रासाठी येत नाहीत, चित्रफितीसाठी येतात.

या गर्दीची किंमत प्रवाळ मोजत आहेत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर आणि गाभा क्षेत्र त्यातले ३.१८ चौरस किलोमीटर. भित्ती उभारणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहेत. टिपेश्वरच्या जंगलात वाघाला कुणी हात लावायला जाणार नाही. मालवणच्या पाण्यात मात्र त्याच अनुसूचीतल्या जिवावर पाय ठेवून छायाचित्रे निघतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालवणमधील हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचे नोंदवले आणि त्याची जबाबदारी कुणावरच नसल्याकडे बोट दाखवले. नांगर, फिनचे फटके, तळावर टेकणारे गुडघे अशी ही इजा असते. एकेक घाव छोटा, पण घुमटासारखे वाढणारे काही प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभरच वाढतात.

माणसांच्या सुरक्षेचा प्रश्नही पाण्याखाली कमी आणि पाण्यावर अधिक आहे. २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ उलटली. बोटीवर २० पर्यटक होते. त्यातील दोघांचा मृत्यू झाला. बुडी सुखरूप पार पडली होती, किनारा समोर दिसत होता. मोसमी पावसाआधीचे दिवस, खवळू लागलेला समुद्र आणि माणसांनी भरलेली बोट यांनी घात केला.

आंग्रिया बँक कुठे आहे आणि तिचे वेगळेपण काय?

मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा हा समुद्रातला बुडालेला पठारी भाग सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला आहे. इथे ‘बँक’ म्हणजे समुद्रतळावरचा उंचवटा. भोवतालचा तळ शेकडो मीटर खोल जातो आणि त्यातून वर आलेल्या या पठाराचा माथा पाण्याच्या पातळीपासून साधारण २० मीटरवर येऊन थांबतो. भित्तीची लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी १५ किलोमीटरच्या आसपास. मालवणचे आख्खे अभयारण्य तिच्या एका कोपऱ्यात मावेल.

किनाऱ्यापासूनचे अंतर हेच तिचे वैभव. नद्यांचा गाळ, किनाऱ्यावरचे सांडपाणी आणि नांगर तिथे पोहोचत नाहीत. मालवणला काही मीटरवर धूसर होणारे दृश्य इथे नितळ असते. २०१९च्या अखेरीस आणि २०२०च्या सुरुवातीला कोचीच्या सागरी सजीव संसाधन केंद्राच्या आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीच्या भारतातील चमूच्या पुढाकाराने संशोधकांनी तिथे मोहीम नेली आणि प्रवाळ, शैवाल, मासे यांच्या नोंदी केल्या. तोवर या भित्तीविषयीची बरीच माहिती मच्छीमारांच्या जाळ्यांतून आणि आरमारी नकाशांतूनच येत होती.

आता अडचण. माथाच २० मीटरवर असल्याने ओळखीची बुडी इथे नियमाने शक्यच नाही. तिची मर्यादा १२ मीटर. पहिल्या टप्प्याचे ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र घेतलेल्या डायव्हरची मर्यादा १८ मीटर, म्हणजे आंग्रियाचा माथा त्याच्याही पायाखाली दोन मीटर राहतो. इथे उतरायला किमान ३० मीटरपर्यंतचे पुढचे प्रशिक्षण आणि प्रवाहाचा अनुभव हवा. आडोशाला बेट नाही, खडक पाण्यावर आलेला नाही, नजर जाईल तिकडे पाणीच. भरती-ओहोटीची ओढ एकीकडे आणि पश्चिम किनाऱ्यालगतचा मोठा प्रवाह दुसरीकडे. हा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे. कोकणातला कोळी अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग पाहून जाळे टाकायचे की नाही ते ठरवतो. तिथे बुडी आखणाऱ्यालाही हाच हिशेब करावा लागतो. आणि नांगर टाकला तर पहिला घाव प्रवाळावर. त्यामुळे चालती बोट आणि प्रवाहासोबतची बुडी हाच आंग्रियावर उतरण्याचा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग ठरतो. तो शहाणपणाचा असला, तरी सोपा नाही.

बोट हरवली तर?

ड्रिफ्ट डायव्हिंगमधला सर्वात मोठा धोका शार्क नव्हे. बोटीच्या नजरेतून सुटणे हा तो धोका. मीटरभर उंचीच्या लाटांत पाण्यावर तरंगणारे माणसाचे डोके थोड्याच अंतरावरून दिसेनासे होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बालीजवळ सात जपानी महिला ड्रिफ्ट बुडीसाठी उतरल्या. मुसळधार पाऊस आला आणि बोटीला त्या दिसल्याच नाहीत. कित्येक किलोमीटर वाहत गेलेल्या या गटातील पाच जणी काही दिवसांनी जिवंत सापडल्या. त्या सगळ्या अनुभवी होत्या, दोघी तर प्रशिक्षक होत्या. एप्रिल २०२२ मध्ये मलेशियाच्या मेर्सिंगजवळ चार जण असेच हरवले. तिघे वाचले, एका किशोरवयीन मुलाचा मृत्यू झाला. ही दोन्ही ठिकाणे वस्तीच्या बेटांजवळची होती.

म्हणून प्रत्येक गटाकडे पाण्याखालून वर सोडता येणारा नारिंगी फुग्याचा खांब, शिट्टी आणि दिवा असणे ही किमान अट मानली जाते. त्या फुग्याच्या दोरीने बोटवाल्याला गट कुठे आहे हे कळत राहते. बोटीवर एक माणूस केवळ पाहण्यासाठी हवा. त्याने मोबाइल पाहायचा नाही, पर्यटकांना चहा द्यायचा नाही. पाण्यात माणसे असताना प्रोपेलर कधी थांबवायचा, हे ठरलेले हवे. मोजणी दोनदा, नावे पुकारून. हे सगळे ऐकायला प्राथमिक वाटते. पण एका दिवसात जास्तीत जास्त फेऱ्या मारण्यावर ज्या व्यवसायाचे गणित बसलेले असते, त्यात हीच कामे आधी गळतात.

वैद्यकीय अंगही आहे. खोल बुडीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकते. त्यावर उपचार म्हणजे दाबाच्या विशेष कक्षात तासन् तास ठेवणे. असा कक्ष मुंबईत नौदलाच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ रुग्णालयात आहे. आंग्रियावरून ताशी १० नॉट वेगाने निघालेल्या बोटीला नुसता किनारा गाठायला साडेपाच-सहा तास लागतील. भारतात समुद्रातील शोध आणि बचाव कार्याची जबाबदारी तटरक्षक दलाची. त्यांचा १५५४ हा मदत क्रमांक आहे, पण किनाऱ्यापासून १०० किलोमीटरवर मोबाइलला रेंज नसते. तिथे उपग्रह फोन किंवा बोटीवरचा रेडिओच कामाचा.

आंग्रियावर हुकूम कुणाचा?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा प्रादेशिक समुद्र सोडला, की राज्याचा अंमल जवळपास संपतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत देशाचे अनन्य आर्थिक क्षेत्र आहे आणि तिथे केंद्राचे कायदे चालतात. आंग्रिया बँक या पट्ट्यात येते. त्यामुळे मालवणसारखे अभयारण्य घोषित करून मोकळे होता येत नाही. २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे २००० चौरस किलोमीटरचा हा भाग १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली ‘निर्देशित क्षेत्र’ म्हणून घोषित करावा, अशा प्रस्तावाला हिरवा कंदील दिला. निर्णय केंद्राचा.

नियम कुणी करायचे, हाच मूळ प्रश्न आहे. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, त्यात जल, भू आणि हवाई अशा तिन्ही प्रकारांच्या आयोजकांना नोंदणी आणि सुरक्षा नियमांच्या चौकटीत आणण्याचा प्रयत्न आहे. पण धोरण राज्याचे, आणि भित्ती राज्याच्या हद्दीबाहेर. मासेमारीचे तेच. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १२ सागरी मैलांपर्यंत. त्यापलीकडे यांत्रिकी नौका कुठे, कोणते जाळे ओढतात, यावर देखरेख ठेवणे कठीण. तळ खरवडणारे जाळे एका फेरीत जे करेल, ते शेकडो नवखे डायव्हरही करू शकणार नाहीत, हे पर्यटनावर टीका करताना विसरून चालणार नाही. नियमांत आलेले, मोजके आणि महागडे डायव्हिंग उलट तिथे डोळे आणि कॅमेरे नेऊ शकते. संरक्षण आधी आणि तिकीटविक्री नंतर, हा क्रम पाळला तरच.

‘गुलदार’मुळे चित्र बदलेल?

नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही सुमारे ८४ मीटर लांबीची युद्धनौका वेंगुर्ल्याजवळ निवती रॉकच्या परिसरात समुद्रतळावर बसवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम भित्ती उभारण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने ती पर्यटन महामंडळाच्या हवाली केली. बुडवलेल्या जहाजावर कालांतराने शैवाल, शिंपले, प्रवाळ वस्ती करतात आणि मासे आडोशाला येतात. गर्दी नैसर्गिक खडकांवरून तिकडे वळली, तर मालवणच्या प्रवाळांना उसंत मिळेल, हा यामागचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे.

पण ते ड्रिफ्ट डायव्हिंग नव्हे. जहाज एका जागी स्थिर असते, तिथे दोर धरून उतरायचे आणि त्याच दोराने वर यायचे. प्रवाह जोरात असेल त्या दिवशी ही बुडी रद्दच करावी लागते. म्हणजे प्रवाहाकडे पाहण्याची दृष्टी दोन्हीकडे नेमकी उलट. प्रवाळभित्तीवर तो वाहन असतो, जहाजावर अडथळा. किनाऱ्यावरच्या प्रशिक्षकांना दोन्ही कला शिकाव्या लागतील. शिवाय लोखंडावर तयार झालेली वस्ती ही शतकानुशतके घडलेल्या भित्तीला पर्याय ठरत नाही. एक गर्दी सामावून घेण्यासाठी, दुसरी जपण्यासाठी, एवढी विभागणी धोरणात स्पष्ट झाली तरी पुष्कळ.

यवतमाळहून जाणाऱ्यांनी काय ध्यानात घ्यावे?

ड्रिफ्ट डायव्हिंगची हौस असेल, तर सुरुवात समुद्राआधी करता येते. तलावात किंवा जलतरण तलावात दम न लागता २०० मीटर पोहता येणे ही प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची नेहमीची अट आहे. दमा, हृदयविकार, कानाचे जुने दुखणे असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यायचा, बोटीवर बसल्यावर नाही. सर्दी झालेली असताना बुडी टाळायची, कारण कानातला दाब जुळत नाही आणि पडदा फाटू शकतो. प्रमाणपत्र, मग उथळ आणि शांत पाण्यात काही बुड्या, मग अर्ध्या नॉटचा प्रवाह अशी पायरी ठेवली, तर मालदीवच्या प्रवाहात उतरताना घाबरण्याचे कारण उरत नाही.

तारकर्लीतच ओळखीची बुडी घ्यायची असेल, तर आयोजकाची नोंदणी, अंगावर बसणारे लाइफ जॅकेट, बोटीची मान्य प्रवासी संख्या आणि एका प्रशिक्षकामागे किती पर्यटक, एवढे विचारण्यात संकोच नको. आवडले नाही तर न उतरता परत येण्याचा हक्क पैसे भरल्यावरही शाबूत असतो. हंगाम मे अखेरीस बंद होतो. शेवटच्या आठवड्यात मिळणारी सवलत ही खवळू लागलेल्या समुद्राची सवलत असते.

परतीच्या प्रवासाची एक बाब विदर्भातल्या पर्यटकांना हमखास कुणी सांगत नाही. डायव्हिंगनंतर विमानप्रवासाला एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे, असा दंडक आहे. तो ६०० ते २४०० मीटर उंचीच्या दाबासाठी आखलेला आहे. मालवणहून सावंतवाडीमार्गे घरी निघालेली गाडी ज्या आंबोलीतून वर चढते, ती सुमारे ६९० मीटरवर आहे. काही मीटरच्या ओळखीच्या बुडीनंतर यात फारसा धोका नसतो. पण प्रमाणपत्र असलेल्याने दिवसभरात २०-२५ मीटरच्या दोन-तीन बुड्या घेतल्या आणि त्याच संध्याकाळी घाट चढला, तर शरीराच्या दृष्टीने ते विमानात बसण्यासारखेच आहे. रात्रीचा मुक्काम मालवणातच करावा आणि घाट दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चढावा.